विहिरीत वापरलेला कॅमेरा, दोन दिवे व कार्ड स्पर्धेच्या मुदतीपूर्वी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
कासारमळा पोलीस ठाणे,
ता. वाळवा, जि. सांगली.

अर्जदार : तानाजी कोंडीबा सरगर, वय ३४, धंदा फोटोग्राफी, रा. कुपवाड.

विषय : जप्त मुद्देमालातील पाण्याखालचा कॅमेरा, त्याची पेटी, दिवे नग दोन व आतील कार्ड दि. ३० जूनपूर्वी ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : १) आकस्मिक मृत्यू नोंद दि. ११ मे २०२५ (मयत सौ. राणी तानाजी सरगर, वय २६). २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. तिन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचेही नाही.

माननीय साहेब,

अर्जात ‘मी’ असे लिहिल्यास ती कबुली धरली जाते, असे एका जाणकाराने सांगितल्यामुळे खाली सर्वत्र ‘अर्जदार’ असे लिहिले आहे. तरी समजून घ्यावे.

१. अर्जदाराचा कुपवाडला वसाहतीच्या रस्त्यावर स्टुडिओ आहे. लग्नाआधीचे फोटो काढण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही, हे तो बढाई म्हणून नव्हे तर माहितीसाठी नमूद करतो. या जिल्ह्यात नवरानवरीला उसाच्या कडेला उभे करायचे, बुलेटवर बसवायचे, रंगीत धूर सोडायचा की झाले. तेच ते पाहून अर्जदाराचे डोळे विटले होते. पुण्यामुंबईकडे पाण्याखाली फोटो काढतात, पण पोहण्याच्या तलावात. मागे निळी फरशी दिसते आणि नवरी न्हाणीघरात पाय घसरून पडल्यासारखी वाटते. अर्जदाराच्या मनात दगडी बांधकामाची जुनी विहीर, तिच्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि त्यासमोर लाल शालूतली नवरी असे चित्र होते. त्यासाठी वाळव्याकडचे बागायतदार लालासाहेब यांची विहीर त्यांच्या तोंडी परवानगीने वापरण्यात आली. ती मे महिन्यातही तुडुंब असते.

२. सामान निवडण्यात अर्जदाराची तीन वर्षे गेली, हे ठाण्यात कोणीच लक्षात घेत नाही. हवालदार साहेब त्यास ‘तो पाण्यातला डबा’ असे म्हणतात. आधी मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाहिला. मग हेल्मेटला लावायचा छोटा कॅमेरा आणला, तर त्यात सगळी विहीर मावली आणि नवरी बाहुलीएवढी झाली. शेवटी सध्याचा कॅमेरा व त्याची पुढून घुमटाकार काचेची पेटी घेतली. दिव्यांनी तर नाकी नऊ आणले. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर लावला की समोरच्या गाळाचे कण चमकतात आणि गिरणीत पीठ उडाल्यासारखे दिसते. म्हणून दोन दिवे दोन बाजूंना लांब दांड्यांवर, तोंडे जरा बाहेरच्या अंगाला करून लावावे लागतात. दुसरी अडचण लाल रंगाची. एक परस, म्हणजे माणूसभर, पाण्याखाली लाल शालू तपकिरी दिसतो, दोन परस खाली काळा. पाणी लाल रंग आधी गिळते. तो परत आणायचा तर दिवा हातभर अंतरावर न्यावा लागतो. म्हणजे कॅमेरा, दिवे आणि नवरी या तिन्ही वस्तू दीड-दोन हातांत बसवाव्या लागतात. हे बोलायला सोपे आहे.

३. खरी नवरी चाचणीसाठी विहिरीत उतरत नाही, म्हणून अर्जदाराने पत्नीला घेतले. मयत ही जत तालुक्यातील कोरडवाहू गावची. तिच्या माहेरी विहिरीत टँकर रिकामा होताना लोक बघायला जमतात. तिला पोहता येत नव्हते, या गोष्टीचा तपासात फार बाऊ करण्यात आला आहे. तिला पोहायचे नव्हतेच, बुडायचे होते. पोहणारी बाई उलट अडचणीची ठरते, ती सारखी वर येते. मयत पायरीवर बसून म्हणाली, “आवं, मला लय भ्या वाटतंय. पाय कुठं टेकायचं?” त्यावर अर्जदाराने, “टेकायचं न्हाई, नुस्तं सैल सोडायचं,” असे प्रेमाने सांगितले. दोर धरायला आणलेल्या बिराप्पा यांनी ते ऐकले आहे.

शालू पाण्यात फुगून तोंडावर येत होता. म्हणून त्याच्या काठाला कृष्णाकाठच्या कोळ्यांकडून आणलेल्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या शिवल्या आणि कमरेला वाण्याची पाच किलोची दोन वजने बांधली. गाठ अर्जदाराने स्वतः मारली. ती अखेरपर्यंत सुटली नाही, हे पंचनाम्यातही आले आहे.

४. हवेबाबत. विहिरीत पडलेली मोटर काढायला बुडणारे लोक पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर काठावर ठेवून नळीने हवा घेतात. तीच सोय केली होती. नळी एक होती आणि ती अर्जदाराच्या तोंडात होती. दुसरी नळी का नव्हती, असे तपासी अंमलदारांनी चार वेळा विचारले. चारही वेळा उत्तर तेच आहे. नवरीच्या तोंडात नळी दिसली तर फोटोचा उपयोग काय? शिवाय अर्जदाराचे दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात, त्याला सारखे वर जाणे परवडत नाही. दिव्यांची बॅटरी चाळीस मिनिटांत बसते आणि ऊन विहिरीच्या तळाकडे फक्त बाराच्या सुमारास उतरते. मयताला श्वास धरण्यापलीकडे काही काम नव्हते.

५. मयताच्या कमरेचा दोर काठावर बिराप्पा यांच्या हाती होता. बिराप्पा वीस वर्षे विहिरीचा गाळ काढणाऱ्या टोळीत आहेत. खालून दोन झटके आले की ओढायचे, असे ठरले होते. सहा बुड्या याप्रमाणे बिनबोभाट झाल्या. सातव्या बुडीत दोन झटके आलेच नाहीत. दोर सारखा हलत राहिला. आता गाळवाल्यांची रीत अशी की, दोर सारखा हलत असला म्हणजे खालचा माणूस दगड बांधतो आहे, त्या वेळी वरच्याने दोराला हात लावायचा नाही. एकदा घाईने ओढल्यामुळे त्यांच्या सख्ख्या भावाच्या पायावर दगड पडून पाय गेला होता. त्यामुळे बिराप्पा यांनी दोर खुंटीला अडकवला आणि दोन्ही हात मागे घेऊन उभे राहिले. त्यांचा जबाब आपल्या कागदांत आहे : “दोर हलत हुता तवर म्या शिवलो न्हाई सायेब. थांबला तवा मला वाटलं, झालं काम.”

बिराप्पा जबाब देताना रडले, हे खरे. अर्जदाराची त्यांच्याविषयी काही तक्रार नाही, त्यांनी आपली शिस्त पाळली. थोडी तक्रार असलीच तर मयताविषयी आहे, कारण तिला दोनच झटके द्यायचे म्हणून स्पष्ट सांगितले होते आणि तिने पायरीवर बसून ते देऊनही दाखवले होते.

६. आता मुख्य आक्षेप. कार्डात सातव्या बुडीची एक्केचाळीस छायाचित्रे आहेत आणि पहिल्या व शेवटच्यात तीन मिनिटे चाळीस सेकंदांचे अंतर आहे. यावरून ‘तू बघत काय होतास?’ असे अर्जदारास एकेरीत विचारण्यात आले. अर्जदार कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत होता. पाण्याखाली फोटो घेताना चेहऱ्यावरचा उजेड, शालूचा लाल रंग आणि काचेसमोरचा गाळ या तीन गोष्टींवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावे लागते. पहिल्या सहा बुड्यांत मयताचे हात काठीसारखे ताठ होते. दर वेळी वर आल्यावर अर्जदार ‘हात मोकळे सोड’ म्हणून घसा कोरडा करत होता. सातव्या बुडीत हात हलू लागले. बोटे, मनगट, खांदे, सगळे हलले. तिने आपले ऐकले, असे अर्जदारास वाटले आणि त्याला आनंद झाला. लग्नाच्या पाच वर्षांत ती इतकी मोकळी कधी दिसली नव्हती.

७. अर्जदारास दुःख आहे. ते नाही असे कोणी समजू नये म्हणून येथे स्वतंत्र परिच्छेद केला आहे. घरात आता दोन वेळचे कोणी करत नाही आणि सामान वाहायलाही माणूस उरलेला नाही.

८. जप्त सामानाची ठाण्यात होत असलेली हेळसांड बघवत नाही. पेटी गोड्या पाण्यात बुडवून, पुसून, सावलीत वाळवायची असते. ती ओल्या शालूसह गोणपाटात बांधून लाख लावून सील केली आहे. आता पावसाळा लागला. काचेवर बुरशी आली तर ती जन्मात निघत नाही. झाकणाच्या रबरी कड्याला ग्रीस लावून ते सैल ठेवायचे असते, नाहीतर ते दबून चपटे होते आणि पेटीत पाणी शिरते. अर्जदार दर सोमवारी येऊन बाकावर बसतो आणि निदान गोणपाट उघडून वारा द्या म्हणतो, तर त्यास हुसकावून लावतात. मागच्या सोमवारी एक महिला शिपाई म्हणाल्या, “तुमाला बायकू आटवती का रबर आटवतंय?” सदर प्रश्न कामकाजाचा भाग नाही.

तसेच पंचनाम्यासोबतची छायाचित्रे अर्जदाराने पाहिली. फ्लॅश समोरून मारल्यामुळे मयताचा चेहरा चुन्यासारखा पांढरा आला आहे आणि नाकाची सावली गालावर पडली आहे. दिवा बाजूने धरला असता तर हे टळले असते. यापुढे अशा कामी बोलावल्यास अर्जदार मोफत येईल.

९. अर्जदाराचे सासरे भाऊसो हे दर आठवड्याला मेंढरे शेजाऱ्याच्या हवाली करून एसटीने कुपवाडला येतात आणि स्टुडिओच्या पायरीवर बसतात. गिऱ्हाईक बिचकते. त्यांच्या पत्नी अंबूबाई अंथरुणाला खिळून असल्याने त्यांना मयताचे शेवटचे दर्शन झाले नाही. लग्नातल्या फोटोंत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान यांमुळे चेहरा एकातही धड दिसत नाही. अर्जदार पाच वर्षे दुसऱ्यांच्या बायकांचे फोटो काढत असल्याने घरचे काढायचे राहून गेले. भाऊसो म्हणतात, “पाव्हणं, एक फोटू द्या. पान्यातला आसला तरी चालंल. तिच्या आईला तोंड बघायचं हाय, बाकी काय बी नगं.” त्यांनी आपल्याकडेही तसा अर्ज दिल्याचे कळते.

सदर अर्ज मान्य करू नये, ही नम्र विनंती. पुण्याच्या एका संस्थेने पाण्याखालील छायाचित्रांची स्पर्धा ठेवली असून, पाठवलेले छायाचित्र आधी कोणाकडेही गेलेले नसावे, असा तिचा नियम आहे. जतला एक प्रत गेली की ती मोबाईलवरून गावभर होईल आणि अर्जदाराच्या तीन वर्षांच्या कष्टांवर पाणी पडेल. त्याने भाऊसोंना, निकाल लागल्यावर बघू, असे सांगितले आहे. निकाल डिसेंबरात आहे. अंबूबाईंच्या प्रकृतीची अर्जदारास कल्पना आहे, पण तारखा त्याच्या हातात नाहीत.

१०. एक्केचाळीसपैकी अडतिसावे छायाचित्र पाठवायचे आहे. तपासात ते मोठ्या पडद्यावर दाखवले तेव्हा खोलीतले दोघे उठून बाहेर गेले, त्या गडबडीत आपण स्वतः ते नीट पाहिले नसावे. मागे पायऱ्या आहेत, उन्हाचा एक पट्टा आहे, शालू खरा लाल आला आहे, केस चारी बाजूंना पसरले आहेत आणि डोळे उघडे आहेत. चेहऱ्यासमोर एकही बुडबुडा नाही. जिवंत माणसाचा असा फोटो मिळत नाही, हे या धंद्यातला कोणीही सांगेल.

तरी साहेबांनी कॅमेरा, पेटी व दिवे चौकशी संपेपर्यंत ठेवायचे तर ठेवावे, फक्त गोणपाटातून काढावे. परंतु कार्ड, किंवा निदान अडतिसावे छायाचित्र, ३० जूनपूर्वी फक्त अर्जदारास द्यावे. शालू व वजने नको आहेत.

पुढच्या सोमवारीही आपल्या दारच्या बाकावर हजर असणारा,

(सही)
तानाजी कोंडीबा सरगर
कुपवाड, दि. १८ जून २०२५

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) कॅमेरा, पेटी व दिव्यांच्या पावत्यांच्या झेरॉक्स.
२) रबरी कड्याची निगा कशी राखावी, याचा अर्जदाराने स्वहस्ते लिहिलेला कागद, ठाण्याच्या वापरासाठी.
३) स्पर्धेची नियमावली.
४) मयताचा मृत्यू दाखला.
५) छायाचित्रातील व्यक्तीचे संमतीपत्र. व्यक्ती हयात नसल्यास वारसाची सही चालते, असा नियम असल्याने पती म्हणून अर्जदाराने तिच्या वतीने सही केली आहे.