आम्ही दुय्यमवाले

मॅडम, काल मुलीच्या ॲडमिशनसाठी खारघरला तुमच्या कॉलेजात गेले होते. तिला सायकॉलॉजी मुख्य विषय मिळाला. माझा दुय्यम होता, इकॉनॉमिक्सच्या जोडीला, आणि ते तुम्ही मला एक दिवसही विसरू दिलं नाहीत. प्रॅक्टिकलला मुख्यवाले प्रयोग करायचे आणि आम्ही दुय्यमवाले समोर बसायचो, स्वतःवर प्रयोग करून घ्यायला. "हे आपले उंदीर, फुकटचे," असं तुम्ही म्हणायचात. वर्ग हसायचा, आम्हीही हसायचो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझी आई गेली. हजेरी कमी भरली म्हणून फक्त तुम्हाला सांगावं लागलं होतं. घरी पप्पांनी तिचा फोटो कपाटात ठेवून दिला होता, तिचा विषय कोणी काढत नव्हतं. मला मुख्य विषय बदलून सायकॉलॉजी घ्यायचं होतं आणि त्यासाठी तुमची सही लागणार होती. म्हणून तुम्ही बोलावलंत की मी मुकाट्यानं जाऊन बसायचे.

त्या दिवशी शब्दांचा प्रयोग आहे. समोरची मुलगी एक शब्द म्हणणार, मला पहिला सुचेल तो शब्द मी सांगायचा, उत्तराला लागलेला वेळ ती स्टॉपवॉचवर मोजणार. झाड. पान. रस्ता. बस. सगळं सुरळीत चाललंय. तुम्ही मागून येता, तिच्या हातातला कागद घेता आणि स्वतःच म्हणता, "आई."

स्टॉपवॉचचा काटा फिरत राहतो. ती मुलगी हळूच विचारते, "मॅडम, बंद करू?"

"कशाला? चालू दे. बोलेल की."

शेवटी मी म्हणते, "डबा." वर्ग खो खो हसतो.

"हसू नका. हिची आई वारलीय दिवाळीत," तुम्ही सांगता. "उशीर बघा, उत्तर बघा. दुखरी जागा अशी शोधायची असते. लिहून घ्या."

सगळ्यांनी खाली मान घालून लिहून घेतलं. तुम्हाला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तरीही मी दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आले. तुम्ही पेनचं टोपणसुद्धा काढलं नाहीत. "तू लोकांची दुःखं ऐकणार? अगं, तू समोरच्याच्या आधी रडशील. इकॉनॉमिक्स कर, नोकरी तरी लागेल." लागली. न्हावा शेव्याला, कस्टमच्या कागदपत्रांची. वाशीला तुमची शोकसभा झाली तेव्हा अर्धा दिवस रजा टाकून आले होते. मॅडमना आमच्या मनातलं न सांगता कळायचं, असं एक जण रडत म्हणाला. मी मान हलवली. खोटं नव्हतं ते.

काल मुलीनं विचारलं, "मम्मी, तू का नाही घेतलंस मेन?" मी म्हटलं, मार्क कमी पडले.

हे पत्र पाठवायला आता पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं असतं. आणि खरं सांगायचं तर, मी समोर बसून ऐकलं असतं.