पिवळ्या गाडीची टेप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, मोटार शर्यतींच्या टीव्ही प्रक्षेपणाचा निवृत्त दिग्दर्शक, राहणार लाँड्रीवरचा दुसरा मजला, हे मृत्युपत्र कोणीही गळ न घालता लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टर म्हणतात. हृदयाबद्दल ते तसे म्हणत नाहीत, म्हणून ही घाई.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस. माझे बावीस वर्षांचे रविवार तिला मिळाले नाहीत. त्याची ही भरपाई नव्हे, हे मला कळते.

२. मोठा टीव्ही शेजारच्या शिंप्यास. अट एकच, शर्यत लागली की आवाज बंद ठेवावा. हल्लीचे समालोचक पडद्यावर दिसते तेच ओरडून सांगतात. निम्मे चित्र आकड्यांच्या पट्ट्यांनी झाकलेले असते, उरलेल्या निम्म्यात प्रेक्षकांत बसलेली एखादी नटी. शर्यत कुठे चालली आहे, देव जाणे.

३. माझे स्टॉपवॉच चॅनेलच्या माजी प्रमुखांस. ऐन शेवटच्या फेरीत त्यांनी टूथपेस्टची जाहिरात घ्यायला लावली. जाहिरात तीस सेकंदांची होती, शर्यत अठरा सेकंदांत संपली. शिव्या मी खाल्ल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी.

४. आता धाकट्या भावाबद्दल. हे कलम लिहायला तीन दिवस लागले.

तो सहा हंगाम पिवळी गाडी चालवत होता. बहुधा नववा-दहावा यायचा. मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये माझ्यासमोर चौदा कॅमेऱ्यांची चित्रे असत आणि त्यातले कोणते घरोघरी जायचे ते मी ठरवायचो. भावालाच दाखवतो असे कोणी म्हणू नये, म्हणून मी त्याला कधीच दाखवले नाही. शेवटच्या शर्यतीत त्याने एका फेरीत चार गाड्या मागे टाकल्या. वळणावरचा कॅमेरामन माझ्या कानात ओरडत होता, "साहेब, धाकट्याला बघा! अहो, घ्या की!" मी मात्र एकट्याच पळणाऱ्या पहिल्या गाडीला चिकटून राहिलो.

जी गाडी टीव्हीवर दिसत नाही, तिच्यावर आपले नाव रंगवून घ्यायला कोण येणार? त्याचा प्रायोजक गेला, मागोमाग गाडीही गेली. घरी येऊन तो एवढेच म्हणाला, "दादा, निदान परक्यासारखं तरी वागायचंस. परक्यानं मला दाखवलं असतं." या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. त्यानंतर तो बोललेला नाही. मी चुकलो.

५. शर्यत झाली की सगळ्या कॅमेऱ्यांच्या टेप पुसायचा नियम होता. त्या दिवशीच्या मी पुसल्या नाहीत. निवृत्तीनंतर बसून त्यातला तुकडा न् तुकडा जोडला. कपाटातली ती तासाभराची टेप धाकट्यास. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त पिवळी गाडी आणि इंजिनाचा आवाज. पहिला कोण आला, ते यात कुठेही दिसत नाही.

दुरुस्ती: वरील मजकूर पत्नीस वाचून दाखवला असता ती म्हणाली, "मेल्यावर कशाला? तो काय तेव्हा तुमच्याशी बोलायला येणार आहे? आत्ता पाठवा." सबब कलम ५ रद्द. टेप त्याच दिवशी पाठवली. सह्या आठवड्याने केल्या.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: हंगामातला शेवटचा रविवार, टीव्ही बंद
(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार
१. (सही) डॉक्टर
२. (सही) धाकटा भाऊ. कलम ५ रद्द झाल्याने मला यातून काही मिळायचे नाही, म्हणून साक्षीला चालतो. दादा, टेप दोनदा पाहिली. राग अजून आहे.