राहिलेला डाव आणि उजव्या हाताची वीत

मी, खाली सही करणार वाळू धोंडीराम थेटे, वय ५४ वर्षे ३ महिने, धंदा टूलरूममध्ये टर्नर, राहणार पाथर्डी फाटा, नाशिक, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही धाकाशिवाय आणि घरातल्या सगळ्यांनी नको म्हटल्यावरही, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा कच्चा मसुदा केला होता, तो उज्वलाने वाणसामानाच्या यादीसाठी वापरला.

कारण असे की उद्या सकाळी आठ वाजता माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काका, अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी खिचडी खाल." डॉक्टर हुशार आहेत. पण भूल ती भूल, आणि ड्रॉइंग पूर्ण झाल्याशिवाय मी आजवर एकही जॉब मशीनवर चढवलेला नाही.

पुढची कलमे कळावीत म्हणून थोडी माहिती. मी छोट्या लढायांचा खेळ खेळतो. टेबलावर इंचभर उंचीची माणसे, दोन्ही बाजूंना पाच-सहा, एक फासा, तासाभरात निकाल. नियम माझे स्वतःचे. दहावीनंतर शाळेने मला शिकवणे थांबवले, मी शिकणे थांबवले नाही. या खेळाची जाडजूड पुस्तके इंटरनेटवर मिळतात. ती मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि ठरवले की हे सगळे एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मावले पाहिजे. मावले. अकरा नियम. मावळे असोत, काऊबॉय असोत, मंगळावरून उतरलेले असोत, नियम तेच. चार किंवा वर पडले की समोरचा मेला. भुताला पाच लागतात, कारण ते एकदा मेलेले असते.

लग्नपत्रिका खरोखरच्या आहेत. पुतणीच्या लग्नाची तारीख बदलली, दोनशे पत्रिका वाया गेल्या, त्यांच्या पाठीवर मी नियम छापून घेतले. त्यामुळे पुढच्या बाजूला अजून 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असे आहे. त्याकडे दुर्लक्ष करावे.

आत्ताच उज्वलाने खांद्यावरून वाचले आणि म्हणाली, "लढाई अकरा ओळींत बसवलीत, आणि मरायला सहा पानं?"

लढाईत नातेवाईक नसतात, हे माझे उत्तर.

कलम १. राहते घर, त्यातील सर्व वस्तूंसह, माझी पत्नी सौ. उज्वला हिला. वस्तूंमधून पुढील कलमांत नमूद केलेल्या वगळाव्यात. ती म्हणते मग उरले काय. फ्रिज उरला, कपाट उरले, गच्चीवरची टाकी उरली.

कलम २. टूलरूमची माझी स्वतःची हत्यारे, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बाल्कनीतले छोटे लेथ, कन्या आरोही हिला. ती डेंटल लॅबमध्ये दातांच्या कॅप बनवते. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे, हे मी इथे प्रथमच लिहून देत आहे आणि तोंडाने म्हणणार नाही. माझे सुरुवातीचे मावळे पितळेचे, लेथवर काढलेले, म्हणून सगळ्यांची पोटे गोल आली. मंगळवाले आरोहीने दाताच्या प्लास्टरमध्ये ओतले, त्यांना पाठीचा कणासुद्धा दिसतो. व्हर्नियर वापरून झाल्यावर पुसून ठेवावे. तेल दोन थेंब. तीन नाही.

कलम ३. सर्व सैन्ये (एकूण १८३ माणसे, ९ भुते, २ उंट) आरोहीकडेच राहतील. अपवाद एक मावळा, ज्याची तलवार मोडली आहे. तो माझे मेहुणे श्री. किशोर यांना. २०१९ च्या भाऊबीजेला ते त्याच्यावर बसले आणि उठून म्हणाले, "खेळणं होतं हो, दाजी, एवढं काय!" हा मावळा त्यांनी दिवाणखान्यात, बसताना दिसेल असा ठेवावा.

कलम ४. नियमांवर माझा हक्क नाही. कोणीही छापावे, कोणीही खेळावे. बारावा नियम मात्र घालू नये. पुण्याहून एक गृहस्थ चौऱ्याऐंशी पानांचे नियम घेऊन आमच्याकडे खेळायला आले होते. सकाळी दहाला बसलो. दुपारची मिसळ आली तेव्हा वाऱ्याची दिशा ठरवून झाली होती आणि एकही माणूस हलला नव्हता. त्यांना माझ्याकडून एक कोरी पत्रिका पोस्टाने पाठवावी. त्यांना कळेल.

कलम ५. अंत्यविधी साधा करावा. माझ्या उजव्या करंगळीचे वरचे पेर १९९८ साली लेथमध्ये गेले आहे. चूक माझीच, हातमोजा घालून मशीनवर उभा राहिलो होतो. तरी अस्थी गोळा करताना ते शोधत कोणी वेळ घालवू नये.

करंगळीचा उल्लेख आलाच आहे, तर आता मुख्य कलम.

कलम ६. श्री. खंडेराव बोरस्ते, राहणार निफाड तालुका, ट्रॅक्टरच्या पार्टचे दुकानदार, माझे तेवीस वर्षांचे मित्र, यांच्याविषयी.

नियम चौथा असा: 'अंतर उजव्या हाताच्या वितीने मोजावे. ज्याची चाल त्याची वीत.' मला टेप नको होती. टेप आली की माणसे भांडतात, हात प्रत्येकाजवळ असतो. नियम छापून आल्यावर लक्षात आले की खंडेरावांची वीत २४४ मिलिमीटर आणि माझी, करंगळी तोकडी असल्याने, २०७. म्हणजे त्यांचा माणूस दोन विती चालला की माझ्यापेक्षा ७४ मिलिमीटर पुढे. माझ्या डाव्या हाताची वीत २२८ भरते. खंडेराव पहिल्याच महिन्यात म्हणाले, "वाळू, तू डाव्याने मोज ना, कोण बघतंय?" मी म्हणालो, "दोनशे पत्रिका बघतायत."

सात वर्षे मी हरलो. नोंदवहीत आहे. रामशेजच्या तटावर हरलो, काऊबॉयच्या गुत्त्यात हरलो, भुतांच्या बाजूने असूनही हरलो.

मग २०२१ साली मी ओळीने सात डाव जिंकलो. सातव्या विजयानंतर कॉलनीत पेढे वाटले. खंडेरावांनी स्वतः चौकात फ्लेक्स लावला: 'सलग सात लढाया जिंकल्याबद्दल आमचे मित्र वाळूभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन', खाली त्यांचा फोटो मोठा आणि माझा लहान.

आठवा डाव त्याच ऑगस्टमध्ये मांडला. रामशेज किल्ला, गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलचा. आत माझे मावळे, बाहेर खंडेरावांचे मंगळवाले. त्यांचा सरदार दरवाज्यापासून जेमतेम दोन विती अंतरावर आला. त्यांनी मोजले. बोटभर कमी पडले. तेवढ्यात आरोही पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही करंगळी का दुमडताय?"



मी म्हणालो, "खंडेराव, बोट उघडा."

"कुठलं बोट?"

"करंगळी."

"संधिवात हाय मला."

"सात डाव संधिवात?"

"थंडीचा येतो."

"ऑगस्ट आहे!"

मी त्यांना म्हणालो, माझ्यावर दया करणाऱ्याला या टेबलावर जागा नाही. म्हणालो, सातही विजय रद्द. म्हणालो, फ्लेक्स घेऊन जा. ते उठले, चप्पल घातली, फ्लेक्स मात्र नेला नाही. तो माझ्या स्कूटरवर झाकण म्हणून आहे. चार वर्षे दोन महिने झाले, आम्ही बोललेलो नाही. डाव तसाच आहे. ज्या टेबलावर तो मांडला ते आमचे चौघांच्या जेवणाचे, आणि तेव्हापासून आम्ही तिघे जमिनीवर मांडी घालून जेवतो. दर रविवारी मी मऊ ब्रशने धूळ काढतो, माणूस न हलवता. दिवाळीनंतर आरोहीच्या सासरचे साखरपुड्याला येणार आहेत आणि उज्वलाने मला स्पष्ट विचारले आहे की व्याह्यांना मंगळावर वाढायचे का.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलेले नाही.

'आरोहीने विचारले तेव्हा मला कळले' हे खोटे आहे. माझ्या बोटाला शंभरावा हिस्सा मिलिमीटर कळतो, त्याच्यावर तीस वर्षे पगार घेतला. समोरच्याची वीत चाळीस मिलिमीटर आखडली आणि मला दिसली नाही, असे होईल का? मला तिसऱ्या डावातच दिसले होते. मी बोललो नाही, कारण जिंकणे गोड लागत होते. पेढे वाटतानाही माहीत होते. मुलीसमोर उघडे पडल्यावर मात्र मी खंडेरावांना चोर ठरवले.

शिवाय नियम अकरावा असा: 'वाद झाल्यास ज्याचे घर त्याने स्वतः चहा करावा, पिऊन झाल्यावर पुढची चाल व्हावी.' मी चहा केला नाही. माझा नियम मीच मोडला.

सबब, राहिलेला डाव आणि त्यातील पुढची चाल मी श्री. खंडेराव बोरस्ते यांना देतो. करंगळी पूर्ण उघडून मोजावे. माझ्या वतीने आरोहीने फासा टाकावा. डाव संपेपर्यंत टेबल कोणी हलवू नये, संपल्यावर ते उज्वलाचे.

येथे मूळ मृत्युपत्र संपते. पुढील मजकूर त्याच दिवशी दुपारी वाढवला आहे. खाडाखोडीवर माझ्या सह्या आहेत.

दोन साक्षीदार लागतात. एक शेजारच्या ललिता पगार. दुसरे कोण, हे उज्वलाने मला न विचारता ठरवले. साडेअकराला बेल वाजली आणि दारात खंडेराव उभे. केस पिकलेत. हातात द्राक्षाच्या पेटीचा रिकामा खोका, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हते.

"वहिनींनी बोलावलं म्हणून आलो," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाय आलो."

"बसा," मी म्हणालो.

"कुठं? खुर्च्यांवर तोफा हायेत."

ॲडव्होकेट मीना शिरसाठ, ज्या हे कागद तपासायला आल्या होत्या, त्यांनी त्यांच्याकडे पेन दिले. मग नाव पाहिले आणि पेन काढून घेतले. "बोरस्ते तुम्हीच का? मग तुम्ही साक्षीदार नको. तुम्हाला यात काहीतरी मिळतंय."

"मला? काय मिळतंय?"

"कलम सहा."

मी म्हणालो, ते मी गेल्यावर वाचायचे आहे. खंडेरावांनी तोपर्यंत चष्मा लावला होता. उभ्याने वाचले. ओठ हलवत वाचतात, त्यामुळे कुठपर्यंत आले ते सगळ्यांना कळत होते. 'पेढे वाटतानाही' येथे ते थांबले आणि माझ्याकडे बघितले.

"वाळू, हे चुकीचं लिहिलंय."

"काय चुकीचं?"

"तिसऱ्या नाय, दुसऱ्या डावात कळलं तुला. गुत्त्याचा डाव. तू माझ्या हाताकडं बघितलंस आणि एकदम पावसाचं बोलायला लागलास. तू कधी पावसाचं बोलतो का?"

मी नोंदवही काढली. दुसरा डाव, गुत्ता, १४ मार्च. समासात माझ्याच अक्षरात: 'पाऊस नाही.' त्यांचे बरोबर आहे. कलम सहामध्ये 'तिसऱ्या' खोडून 'दुसऱ्या' केले आहे. सही.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारले.

"तुला लय भारी वाटत होतं ना," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा मला जेवून जा म्हणालास."

ललिताताई म्हणाल्या, मी नंतर येऊ का. उज्वला म्हणाली, बसा, आत्ताच तर रंगात आलंय.

खंडेरावांनी चष्मा काढला. "चाल मला मेल्यावर कशाला देतोस? आत्ता माझीच चाल हाय. पण आधी अकरावा नियम."

मी स्वयंपाकघरात गेलो. साखर कुठे असते ते उज्वलाने सांगितले नाही, बघत उभी राहिली. चहा झाला, थोडा उतू गेला. सगळ्यांनी प्यायला. मग खंडेरावांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि पाचही बोटे उघडली. संधिवात नव्हता. एक वीत, दोन विती. सरदार दरवाज्याच्या आत, वर दोन बोटे शिल्लक. फासा टाकला. पाच.

माझा किल्लेदार पडला. पितळेचा, गोल पोटाचा, पहिला काढलेला. घरंगळत जाऊन किल्ल्यातले तळे म्हणून ठेवलेल्या बरणीच्या झाकणाला टेकला. रामशेज गेले.

दुसरा साक्षीदार तरी लागतच होता. तेवढ्यात पाण्याचा जार घेऊन लखन भोये आले. टेबलाकडे बघून म्हणाले, "कोण जिंकलं?" मी म्हणालो, "हे." असे तोंडाने म्हणायला मला सात डाव आणि चार वर्षे लागली. लखनभाऊंनी सही केली.

दुरुस्त्या पुढीलप्रमाणे.

कलम ६ रद्द. डाव संपला. मी पूर्ण वितीने हरलो.

टेबल आजपासूनच सौ. उज्वला हिचे. तिने माझी वाट न पाहता त्यावर ताटे मांडली आहेत. पाच. सैन्य खंडेरावांच्या द्राक्षाच्या खोक्यात भरले आहे, खोका बरोबर मापाचा निघाला.

नियम चौथा तसाच राहील. दोनशे पत्रिका आहेत.

पुढचा डाव पाडव्याच्या सकाळी दहाला, भुते विरुद्ध काऊबॉय, खंडेरावांच्या दुकानात. मी भुते घेणार. तरी त्याआधी हे मृत्युपत्र अमलात येणार नाही याची डॉक्टरांनी आणि इतर संबंधितांनी काळजी घ्यावी.

स्थळ: नाशिक, जेवणाचे टेबल.
दिनांक: १६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, दुपारी पावणेदोन.

सही: वाळू धोंडीराम थेटे
(उजव्या हाताने)

आमच्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली:

१. ललिता पगार, शेजारी.
२. लखन भोये, राहणार पेठ रोड. (पाण्याचा जार मिळाला.)

साक्षीदार नसलेले, तरी हजर: खंडेराव बोरस्ते. सही नको म्हटले तर हात ठेवून पेनने आकार काढून दिला आहे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत २४४ मिलिमीटर. मी मोजले. बरोबर आहे.