न्यूट की सॅलमँडर

नाशिक, गुरुवार, सायंकाळ

वामनराव दार्जिलिंगच्या सहलीहून तळ्यातल्या एका प्राण्याचे छायाचित्र घेऊन आले. खडबडीत अंगाचा, पालीसारखा. ते म्हणाले, "न्यूट." मी म्हणालो, "सॅलमँडर." कट्ट्यावर सर्वांदेखत वाद वाढला. शेवटी मी म्हणालो, "माहीत नसेल तर माणसाने बोलू नये." ते अर्धा चहा तसाच ठेवून उठले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत असे कधी घडले नव्हते.

घरी येऊन विश्वकोश पाहिला. सॅलमँडर हा मोठा गट. त्यातलेच बहुधा खडबडीत कातडीचे, पाण्यात अधिक रमणारे ते न्यूट. म्हणजे प्रत्येक न्यूट हा सॅलमँडरच, आणि दोघेही बरोबर. हा काय निकाल झाला? मी चुकलो असतो तर क्षमा मागितली असती. ते चुकले असते तर उदार मनाने विसरलो असतो. आता बोलायचे तरी काय? तो अर्धा चहा डोळ्यांसमोरून हलत नाही.

"अहो, फोन करा आणि मोकळे व्हा," सौ. म्हणाली. केला.

"तुमचा न्यूट बरोबर होता."

"आणि तुमचा सॅलमँडर?"

"तोही."

ते म्हणाले, "मग उद्या कशावरून भांडायचं, मास्तर?"

मी भांडत नव्हतो, हे सांगणार होतो. परंतु तोवर त्यांनी फोन ठेवला होता.