भरमूचा ढोल आणि माझा पाय

निपाणीजवळ, तुमच्या बहिणीच्या घरून
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६८

वडील मेहुणे ज्योतिबा अण्णा, अनगोळ, यांना आण्णाप्पाचा हात जोडून नमस्कार.

रवळनाथाच्या कृपेने इकडे सर्वांची तब्येत बरी आहे, कान तेवढे सोडून. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावे. मालुबाई तुमची रोज आठवण काढते. (कोणत्या शब्दांत, ते भेटीत सांगेन.)

आपले धाकटे बंधू भरमू यांना तुम्ही चार दिवस बहिणीकडे म्हणून पाठवलेत, त्याला संक्रांत होऊन गेली. माणूस आला याचा आम्हांला आनंदच आहे. तो पलटणीच्या बँडात, त्यामुळे लढाईच्या सगळ्या वर्षांत मालुबाईने भावाचे तोंड पाहिले नव्हते. पण त्याच्या मागून बैलगाडीतून जे आले, त्याविषयी तुमच्या पत्रात एक अक्षर नव्हते. (तुमच्या घरात ते मावले नाही, हे आता ध्यानात येते. आमच्याही मावले नाही. गोठ्यात आहे.)

बेळगावच्या कॅम्पातले गोरे साहेब आता बिस्तरा बांधू लागले आणि त्यांच्या क्लबातले सामान लिलावात निघाले, हे खरे. पण लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. आपल्या भरमूने ढोल घेतला. ढोल म्हणजे गुऱ्हाळातली काहील उभी केल्यासारखा, वर सिंह आणि मुकुट रंगवलेला. त्याच्या भोवती तिकाटण्यांवर लहान ढोल, वर टांगलेल्या परातीएवढ्या पितळी झांजा, बेडकांनी तोंडे उघडल्यासारखी लाकडी ठोकळ्यांची रांग आणि एक घंटा, जी वाजली की शेजारच्या म्हशी माना वर करतात. भरमू मधोमध स्टुलावर बसला की बाहेरून फक्त टोपी दिसते. आमच्या हलगीवाल्याला एक हलगी जन्मभर पुरली. एका माणसाला एवढा पसारा कशाला लागतो, यावर मी पुष्कळ विचार केला. देवालासुद्धा चार हात पुरतात. मालुबाईने एकदा त्या मोठ्या ढोलावर, आडवा होता म्हणून, कुरडया वाळत घातल्या. भरमूने ते न पाहता, कातडे तपासायला हाताने एक टोला दिला आणि कुरडया छपरापर्यंत उडाल्या. ती भावाला एक शब्द बोलली नाही; ढोल उन्हात का ठेवला म्हणून मला मात्र संध्याकाळपर्यंत ऐकवले.

आता मुख्य गोष्ट. ढोलापासून दूर असला की भरमू बोलत नाही. चहाची बशी धरली तरी हात कापतो, चहा सांडतो. ढोलापाशी बसला की तेच हात कसे स्थिर होतात, ते मी पाहिले आहे. त्याला मिरजेच्या एका सर्कशीचे बोलावणे आले आहे. ती सर्कस रंगूनपर्यंत जाते म्हणे. “यात्रेत पालखीफुडं वाजवाय मिळालं तर ऱ्हातो गं आक्का, न्हायतर जातो,” असे त्याने बहिणीला सांगितले, आणि तेव्हापासून मालुबाईने मला पंचांकडे जा म्हणून धोशा लावला.

मी पंचांकडे गेलो. तिथे मष्णू गुरवाने अडवले. “हातानं वाजीव, तोंडानं वाजीव. पर पायानं? देवाफुडं? वाद्याला चुकून पाय लागला तर आमी पाया पडतो रं!” कारण तो मोठा ढोल भरमू हाताने वाजवतच नाही. खाली एक लोखंडी पायटा आहे, तो दाबला की पुढचा गोळा ढोलावर आदळतो. भरमू म्हणाला, “मामा, मीबी आदी पाया पडतो, मगच पाय लावतो.” हे खरे आहे, पण गुरवाचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

शेवटी कौल लावायचे ठरले. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ज्याचा कौल त्याने हजर असावे, म्हणून ढोल सगळ्या लवाजम्यानिशी देवळाच्या मंडपात मांडला. भरमूचे पाय एका जागी राहत नाहीत, म्हणून त्याला बाहेर चिंचेखाली धाडले आणि राखणीला स्टुलावर मला बसवले. गाव श्वास धरून बसले. पाकळ्या काही हलेनात. ऊन मंडपातून निघून गेले, दोघे पंच पेंगले, मी मनात नामस्मरण करीत होतो. आणि माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या. मी तो जरासा झटकला.

अण्णा, तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. शिखरावरची पारवी उडाली, समई फडफडली, पेंगणारा एक पंच “कोन मेलं?” म्हणून उठला, आणि देवाची उजवी पाकळी खाली आली. डावी जागची हलली नाही.

मग जो गलका झाला तो विचारू नका. हा कौल नव्हे, धक्का आहे, असे अर्धे गाव म्हणाले. नागुबाई म्हातारी (तिच्यापुढे पंचसुद्धा बोलत नाहीत) काठी आपटून म्हणाली, “धक्क्यानं पडायची तर डावीबी पडली आसती. देवानं दिलंय. दोनदा इचारायचं न्हाय.” गुरवाने पडलेली पाकळी उचलून कपाळाला लावली आणि निवाडा दिला, “व्हय, दिलंय. पर कुनाच्या पायाला? आण्णाप्पाच्या. आता त्या ढोलाला पाय लागंल तर त्येचाच लागंल.”

म्हणून चैत्रातल्या यात्रेत पालखीपुढे सजवलेल्या गाडीवर भरमू हाताने वाजवणार आणि त्याच्या शेजारी बसून पायटा मी मारणार. पन्नाशीला आलेला माणूस, गावच्या शाळेत चार बुके शिकलेला, गळ्यात तुळशीची माळ! रोज पाय धुऊन, ढोलाला नमस्कार करून सरावाला बसतो. भरमूचे हात विलायती चालीने पळतात आणि माझा पाय भजनाचा ठेका सोडत नाही. “दाजी, जरा लौकर पोचा की,” असे तो म्हणतो. आता तर पूजेला बसलो तरी पाय आपला हलतो आणि मालुबाई तोंडाला पदर लावते.

तरी विनंती की यात्रा झाल्याबरोबर गाडी घेऊन यावे, हा पसारा अनगोळला न्यावा, आणि भरमूला इथेच ठेवावे.

आपला,
आण्णाप्पा

ता. क. पत्र मालुबाईला वाचून दाखवले. ती म्हणते, ढोल नेला तर भरमू कसा राहील? तेव्हा गाडी आणू नये. नुसते यावे.

ता. क. काल एकदा हात आणि पाय बरोबर पडले. भरमू मोठ्याने हसला. मालुबाई चुलीवरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली. भाकरी करपली, ती आम्ही तिघांनी वाटून खाल्ली.

ता. क. खरे काम राहिलेच. सर्कशीचा मॅनेजर तुमच्या पत्त्यावर चौकशीला येणार आहे. त्याला खोटे सांगा असे मी म्हणणार नाही, मी माळकरी आहे. एवढेच सांगावे की भरमू मोठा ढोल पायाने वाजवीत नाही. गुरवाच्या निवाड्याप्रमाणे ते अगदी खरे आहे.