गिरणीपुढचे डबे

चंदनाअक्कास धाकट्या पदमाचा जय जिनेंद्र. कोरेगावात करमतंय का, गुडघं काय म्हणत्यात? इकडं सांगलीकडं समदी खुशाल, मी तर लयच.

तुला ठावं हाय, आमच्या नेमिनाथनं मला घरघंटी आणून दिली. आपल्यात शिळं पीठ चालत न्हाई, दोन-चार दिसाला दळण. आईचं हेलपाटं वाचावं म्हणून. बटण दाबलं की पीठ. मी कवतिकानं शेजारच्या राहीबाईला दाखवली (तिला दाखवल्याबिगर माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई), मग तिनं घेतली, तिची बघून बयाबाईनं. गल्लीभर घरघंट्या झाल्या. परतेकीनं आपापली सोय बघितली, वंगाळ कुणीच केलं न्हाई, आन् कोंडीबाच्या गिरणीचा पट्टा थांबला. तवा मला कळलं की मी पिठासाठी जातच न्हवते. कुणाची सून रुसली ते ऐकायचं, बाजरीमागं माझा गहू लावू नको म्हणून भांडायचं, पांढऱ्या भुवया घिऊन घरी यायचं. घरघंटीशी काय बोलू? ती नुसती घुरघुरती, नेमिनाथच्या बापासारखी.

मागल्या म्हयन्यात कोंडीबा म्हणाला, दसऱ्याला गिरणीची मोटार विकतो नि पोराकडं जातो. मी तशीच उठले. राहीबाईला म्हटलं चल गिरणीत, तर म्हणती, आता तिथं कोण जातंय? बयाबाईचंबी तेच. म्हंजी समद्या एकमेकींची वाट बघत घरात बसल्याल्या.

मग मी घरातलं समदं डबं, दुधाची किटलीसुद्धा, गिरणीपुढं वळीनं मांडलं आन् भिंतीला टेकून बसले. राहीबाई आली, "पदमाकाकी, एवढी गर्दी कशाची वं?" म्हटलं, आदी नंबर लाव, मग सांगते. ती पळतच डबा आणाया गेली (माणूस रांगंला भुलतंय, आत काय मिळतंय ते मागनं इचारतंय). दुपारपतुर रांग देवळाला टेकली, पट्टा फिराया लागला. बयाबाई माझ्याशी कडाकडा भांडली. अक्का, किती दिसांनी कोण भांडलं माझ्याशी.

तुझी धाकटी,
पदमा

ता. क. माझं डबं समदं रिकामं हुतं. कोंडीबा झाकण उघडतो, बघतो आन् गप पुढं सरकवतो. नेमिनाथला कळवू नको.

आनखी एक. त्या रोजच्या रांगंत एक डबा मी तुझ्या नावाचा ठेवते, माझ्या म्होरं. राहीबाई रोज इचारती, हा कुणाचा? मी म्हणते, अक्काचा, ती निघालीय. आपल्या धर्मात खोटं बोलणं पाप हाय, ते तुझ्यापायी मला रोज घडतंय. तवा दसऱ्याआदी निघ.