चार तारखेची दुपार

बुधवार, १२

पुसलं जातंय! रोज थोडं थोडं पुसलं जातंय आणि मला कुणी सांगितलं नाही!

कॅमेरेवाल्याला सहज फोन केला, तर म्हणे, "ताई, डिस्क भरली की ती सगळ्यांत जुनं पुसते आणि त्याच जागेवर नवीन लिहिते. सगळीकडे असंच असतं." इतक्या थंडपणे! आणि मी आठ दिवस निवांत, की सगळं कॅमेऱ्याच्या त्या रेकॉर्डिंगच्या डब्यात आहे, दादा जरा शांत झाला की काढू आणि दाखवू.

आई गेली मंगळवारी, चार तारखेला. संध्याकाळी सहाला मीच दार उघडलं. बाथरूमच्या दारात पडलेली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीनच्या सुमारास पडल्या असतील, तेव्हाच कुणी असतं तर कदाचित... त्या एका 'कदाचित'वरून दादाने मावशींना धारेवर धरलं. मावशी म्हणजे आईला सांभाळायला ठेवलेल्या बाई, अकरा ते सहा असायच्या. त्या दिवशी दीडलाच गेल्या. त्या म्हणतात, "आजींनीच घालवलं हो मला. म्हणाल्या, गुडघा धरून किती बसशील, जा घरी, मी आता झोपतेच आहे." दादा म्हणतो, थापा मारतेय. जिन्यात उभा राहून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला. वरच्या दोन्ही घरांनी मावशींना कामावरून काढून टाकलं.

बाहेरच्या खोलीतल्या कॅमेऱ्यात आईची खुर्ची आणि दार, दोन्ही दिसतं. म्हणजे मावशी खऱ्या की खोट्या ते त्या डब्यात आहे. आज मोबाइलवर बघितलं. सगळ्यांत जुनं रेकॉर्डिंग: एक तारीख, सकाळ.

तीन दिवस हातात आहेत. फार तर साडेतीन.

गुरुवार, १३

मोबाइलवर फक्त आत्ताचं दिसतं; मागचं कुठल्या तारखेपासून आहे एवढंच कळतं, बघता येत नाही. मागचं काढायला डब्याचा पासवर्ड लागतो. तो माझ्याकडे नाही. आईचं नाव, आईची जन्मतारीख, माझी, दादाची. चार वेळा चुकला. पाचव्यांदा चुकला तर डबा कुलूपबंद! पुन्हा हात न लावता स्टुलावरून उतरले.

कॅमेरेवाला बाहेरगावी. "पासवर्ड वहीत आहे ताई, वही दुकानात, दुकानाची किल्ली माझ्याकडे. शनिवारी सकाळी आलोच."

"तोवर बंद करून ठेवू का?"

"आवाज येतो का? टक टक?"

येतो.

"मग अजिबात हात लावू नका. जुनी डिस्क आहे, एकदा थांबली की परत फिरेलच असं नाही."

झालं! चालू ठेवलं तर पुसणार, बंद केलं तर मरणार. मला रडूच फुटलं, त्याला फोनवरच ऐकू गेलं असेल.

हालचाल झाली तरच रेकॉर्ड होतं. मीच तसं लावून घेतलं होतं, जागा वाचावी म्हणून. आई तासन् तास खुर्चीत. तिला काय जागा लागणार!

आता मात्र घर भरलेलं. भेटायला येणारे येतात, बसतात, उठतात, पाणी मागतात, फोन आला की येरझाऱ्या घालतात. एकेक माणूस आईची एकेक दुपार पुसतोय. आत्येला म्हटलं, आतल्या खोलीत बस ना. ती दुखावली. "आम्ही नकोसे झालो का गं लगेच?" काय सांगू तिला? तू हललीस की माझी आई जाते, असं सांगू?

सगळ्यांत जुनं: दोन तारीख, संध्याकाळ.

शुक्रवार, १४

सकाळी डोकं चालवलं. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. दिसणारच नाही तर रेकॉर्ड काय होणार! स्वतःवर खूश होऊन क्लिनिकला गेले. दिवसभर काउंटरवर बसून दातवाल्या डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा लिहीत होते, जीव मात्र इकडे टांगलेला.

संध्याकाळी येऊन बघते तर काय — पंखा चालू! दादाने लावलेला. टॉवेल दिवसभर फडफडत होता आणि डबा इमानेइतबारे ते फडफडणं रेकॉर्ड करत होता. नऊ तास टॉवेल!

सगळ्यांत जुनं: चार तारीख. पहाटेची.

कपाळावर हात मारून तिथेच खाली बसले. पंखा बंद केला, सगळ्यांना आत पाठवलं, मधल्या दाराला कडी. दादा म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय. त्या बाईसाठी एवढं?"

म्हटलं, "त्या बाईने आईला दोन वर्षं आंघोळ घातली. तू किती वेळा घातलीस?"

बोलायला नको होतं. पण बोलले.

"तूही बघू शकली असतीस की त्या दुपारी मोबाइलवर," तो म्हणाला. "तिथे बसून काय करत होतीस?"

"चाळीस पेशंट होते. श्वास घ्यायला फुरसत नव्हती!"

मग दोघंही जेवलो नाही.

शनिवार, १५

मिळालं! मिळालं, मिळालं!

कॅमेरेवाला बॅग न ठेवताच आला बिचारा. सगळ्यांत जुनं: चार तारीख, अकरा वीस. टॉवेल बघून म्हणाला, "अहो ताई, कॅमेऱ्याची मागची वायर नुसती ओढायची होती! डबा चालू राहिला असता, रेकॉर्ड काही झालं नसतं." हात लावू नका म्हणून कोणी सांगितलं होतं? पण भांडायला त्राण नव्हतं. पेनड्राइव्ह लावला आणि एकेक टक्का मोजत बसलो.

एक चौतीस. आई मावशींना अक्षरशः ढकलतेय दाराबाहेर. आवाज नाही, पण हातवारे कळतात. वाकून त्यांच्या गुडघ्यावर एक चापटी मारली. मावशी जायला तयार नाहीत, पुन्हा आत येतात, पाण्याचा तांब्या खुर्चीजवळ ठेवतात. मग दार लागलं. आई हसत होती.

दोन बाराला उठली. हळूहळू आत गेली. त्यापुढे काही नाही. थेट सहा वाजून तीन मिनिटं, दारात मी.

दादाने ते तीनदा बघितलं. मग मुसमुसून रडला, लहानपणी रडायचा तसा. स्वतःहून मावशींकडे गेला, पाया पडला, वरच्या दोन्ही घरांत जाऊन सांगून आला. परत आल्यावर म्हणाला, "मग दोष कुणाचाच नव्हता गं. उगाच त्या बाईला छळलं मी."

आज इतक्या दिवसांनी पोटभर जेवले.

रविवार, १६

कॅमेरेवाला नवी डिस्क बसवायला आला. म्हणाला, "डब्यात एक यादीही असते ताई. मोबाइलवरून कुणी कधी बघितलं त्याची." चार तारखेला एकच ओळ. दोन वाजून एकतीस मिनिटं. बारा सेकंद. फोन माझा.

आठवलं. खुर्ची रिकामी दिसली होती. म्हटलं, बाथरूमला गेली असेल. आणि पुढचा पेशंट आत सोडला.

"ही यादी कॉपी करू की जाऊ दे?" त्याने विचारलं.

कॉपी करा म्हटलं, आणि दादाला हाक मारली.